फयानपासून बिपरजॉयपर्यंत: फुटलेल्या होडीचा पंचनामा होतो, बुडालेल्या हंगामाचं काय?

वेसावची_लेक

वादळ येणार म्हटलं की दोन दिवस टीव्हीवर गेटवेच्या लाटा दिसतात. मग ते गुजरातकडे किंवा ओमानकडे सरकतं आणि "मुंबई बचावली" अशी पट्टी फिरायला लागते. नेमकी कोणती मुंबई बचावली, ते विचारायला हा धागा काढते आहे.

माझं माहेर वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यातलं. वडील नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, आई मासळी विकायची. मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून गल्लीतले नुकसानभरपाईचे अर्ज गेली अनेक वर्षं माझ्याकडेच येतात. अर्जात रकाने ठरलेले: होडी पूर्ण नष्ट, होडी अंशतः नष्ट, जाळी पूर्ण, जाळी अंशतः, घराची पडझड. वादळ आलंच नाही, पण येणार होतं म्हणून ऐन हंगामात बोट नांगरावर बसली, खलाशी बसून जेवले, भरलेला बर्फ वितळून गेला, त्याला रकाना नाही.

आपल्या किनाऱ्याचा हिशेब मांडून बघा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर चढलं. त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे तशी शांतता होती. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी. २०१९ मध्ये जूनला वायू, सप्टेंबरला हिक्का, ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. ३ जून २०२० ला निसर्ग. १७ मे २०२१ ला तौक्ते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय. यातली खरोखर अंगावर आलेली थोडीच. तरीही २०१७ च्या आधीचा आमचा कोळीवाडा आणि आजचा कोळीवाडा यांत फरक आहे, आणि तो नुसता शहर वाढल्यामुळे पडलेला नाही.

माझं म्हणणं असं की कोळीवाडा एका वादळाने मोडत नाही. पहिल्या वादळानंतर माणूस उसनवारी करून उभा राहतो. दुसरं येतं तेव्हा पहिल्याचं देणं अंगावर असतं. तिसऱ्याला घरातलं सोनं जातं. चौथ्या वेळी बोट शाबूत असते, पण मुलगा म्हणतो, बाबा, आता नको. त्या बोटीचा पंचनामा कोणी करत नाही, कारण तिला ओरखडासुद्धा आलेला नसतो.

माहीम, वरळी, मढ, कफ परेड, उत्तन, जिथले कोणी असाल त्यांनी आपल्याकडे काय बदललं ते लिहा. कोकणातल्यांनीही लिहा.

माहीमचा_तांडेल

ताई, चांगला विषय काढलात. तौक्तेचं सांगतो, कारण त्या वेळेला आमच्याकडे डोळ्यांदेखत होड्या फुटल्या.

मे महिन्याचा मधला काळ. १ जूनपासून बंदी, त्यामुळे काही बोटी अजून पाण्यात, काही वर ओढून शाकारायची तयारी. इशारा वेळेवर मिळाला होता, त्यात खोट नाही. पण बोट वर ओढायला जागा लागते आणि माणसं लागतात. जागा आता उरलेली नाही. माणसं म्हणाल तर लॉकडाऊनमुळे बरेच खलाशी गावाला गेलेले. मग बोटी एकमेकींना बांधून खाडीतच ठेवल्या. दुपारी वारा असा फिरला की दोर तुटले आणि बोटींनी एकमेकींनाच फोडलं. कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस. आणि वादळ होतं कुठे, तर शंभराहून जास्त किलोमीटर लांब समुद्रात. जमिनीवर ते रात्री गुजरातला दीवजवळ चढलं.

त्याच दिवशी तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. २६१ माणसं होती त्यावर, सत्तरच्या वर गेली. ती कामगार माणसं होती, मच्छीमार नव्हती. तरी दर्यावर गेलेला माणूस आमच्या लेखी आमचाच. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी रेडिओसुद्धा मोठ्याने लावला नाही.

हवामानवेडा

मी कोळी नाही, पण अरबी समुद्रावरचा अभ्यास नियमित वाचतो. लेकताईंचं निरीक्षण आकड्यांशी जुळतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातली वादळं तपासली. त्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी, आणि वादळ समुद्रात टिकून राहण्याचा काळ ८० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात याच काळात संख्या किंचित कमी झाली. मूळ कारण समुद्राचं तापमान. पूर्वी अरबी समुद्र तुलनेने थंड असायचा, आता गेल्या काही दशकांत पृष्ठभागाचं तापमान सव्वा अंशाच्या आसपास वाढलं आहे. उबदार पाण्यावर वादळाला इंधन मिळत राहतं.

या धाग्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो टिकण्याचा काळ. वादळ जितके दिवस समुद्रात रेंगाळतं तितके दिवस बंदरावरचा धोक्याचा बावटा उतरत नाही. बिपरजॉय ६ जूनला तयार झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. ते ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलं असतं तर किती फेऱ्या गेल्या असत्या याचा विचार करा.

दुसरं म्हणजे वादळांचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांचा वेग आणि दिशा यांत इतका फरक असतो की वादळ उभंच राहू शकत नाही. म्हणून ती मुख्यतः येतात मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. मासेमारीच्या दृष्टीने याहून वाईट महिने निवडता आले नसते.

आगोट

हवामानवेडा दादा, ते मे आणि नोव्हेंबरचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी मढच्या बाजूची. आमच्या घरात बोट नाही, आम्ही बोंबील, जवळा, मांदेली सुकवून विकतो. माझी सासू हेच करायची, तिची सासूही. पुरुषांच्या बोटीबद्दल निदान बातमी येते, म्हणून आमच्या बाजूचं जरा सविस्तर लिहिते.

बोंबील सुकवायला ऊन आणि वारा लागतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून वलांड्या उभ्या राहतात. बांबूंना आडव्या दोऱ्या, आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे. चांगलं ऊन असेल तर तीन-चार दिवसांत तयार. मध्ये एक सर जरी आली तरी माल काळा पडतो, वास मारतो, अळी धरतो. मग तो कोंबडीखाद्याच्या किंवा खताच्या भावाने द्यायचा, नाहीतर टाकून द्यायचा.

आता क्यार आणि महाचं बघा. दोन्हींपैकी एकही मुंबईवर आलं नाही. पण ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे आमची पहिली कमाई, आभाळ भरलेलं आणि मध्येच पाऊस. वलांडीवरचा माल गेला. बोटी बंद म्हणून नवीन माल नाही. दिवाळी त्यातच आली. २०१७ चं ओखी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हाही तेच. चैत्यभूमीला आलेल्या लोकांचे मंडप भिजले, त्यांना महापालिकेच्या शाळांमध्ये हलवलं, ते सगळ्यांनी बघितलं. आमचे वाळवणाचे खळे कोणी बघितले नाहीत. पाऊस थांबल्यावर समुद्राने कचरा परत आणून टाकला. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यांवरून ८० टन कचरा उचलल्याची बातमी होती. आमच्या वाळवणाच्या जागेवरचा आम्ही बायकांनी आमच्या हाताने उचलला.

मग मे महिना. ही आमची आगोट. पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवायला गिऱ्हाईक मे मध्येच येतं. वर्षभर जे साठवलं ते विकून पोरांच्या शाळेचे पैसे, घर शाकारायचे पैसे, बचत गटाचा हप्ता, सगळं त्यातून निघतं. तौक्ते बरोबर त्याच आठवड्यात आलं. घरात पाणी शिरलं आणि पोत्यांतला तयार माल भिजला. तयार माल! म्हणजे मासळी विकत घेतली, मीठ, मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला.

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा मी पोती दाखवली. तो म्हणाला, बाई, होडीचा नंबर सांगा. मी म्हटलं, होडी नाही. मग जाळी? जाळी पण नाही. मग तुमचं नुकसान कशात लिहू?

मला त्या माणसाचा राग नाही आला, त्याच्या कागदावर आमची जागाच नव्हती. पण आमच्या आळीत ज्या बायका सुकवायचं काम करायच्या त्यांतल्या कितीतरी आता सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. महिन्याचा पगार पाऊस आला तरी मिळतो, असं त्या म्हणतात. मी त्यांना काय उत्तर देऊ?

गिरगावकर

वाचून फार वाईट वाटलं. मुंबईला वादळं नवीन नाहीत एवढंच म्हणतो. १८८२ च्या जूनमध्ये आलेल्या वादळात मुंबईत एक लाख माणसं मेल्याचं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. शहर त्यातूनही उठलंच की.

हवामानवेडा

गिरगावकर, ते १८८२ चं वादळ झालेलंच नाही. ती कथा पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून एकमेकांची नक्कल होत पसरली. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि १८९१ मध्ये ती सव्वाआठ लाखांच्या जवळ गेली. शहरातला दर आठवा माणूस मेला असता तर त्याच्या खुणा सगळीकडे सापडल्या असत्या. कुलाबा वेधशाळा १८२६ पासूनची आहे, १८४१ पासून तिथे नियमित नोंदी आहेत, आणि अशा वादळाची नोंद नाही.

नोव्हेंबर १९४८ चं वादळ मात्र खरं आहे. २१-२२ नोव्हेंबरला ते थेट मुंबईवर आलं होतं.

माहीमचा_तांडेल

अठ्ठेचाळीसचं आमच्या आजीच्या तोंडून ऐकलं आहे. झाडं, कौलं, होड्या, सगळं गेलं म्हणायची. पण त्याच्यानंतर तसं वादळ तिने परत बघितलं नाही. एका पिढीला एक वादळ. नवीन होडी बांधायला, कर्ज फेडायला, पोरांची लग्नं करायला मधली वर्षं मिळाली. आमच्या पोरांना दोन वर्षंसुद्धा सलग मिळत नाहीत. गिरगावकर साहेब, उठायला वेळ मिळाला तर माणूस उठतोच.

चेंबूरकर

एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नये. शेतकरी पीकविमा काढतो, दुकानदार दुकानाचा विमा काढतो. बोटीचा विमा काढता येत नाही का? आणि धोका इतका वाढला असेल तर पुढच्या पिढीने दुसरा व्यवसाय धरणं हे नैसर्गिक नाही का?

वेसावची_लेक

राग कसला, शंका रास्त आहे.

आधी विम्याचं. माणसाचा अपघात विमा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मृत्यूला ५ लाख रुपये मिळतात. बोटीचा विमा निघतो, पण हप्ता जड, आणि जुन्या लाकडी बोटीला विमा देणारा सहज सापडत नाही. ज्यांच्या बोटी कर्जाच्या आहेत त्यांचा बँक काढायला लावते. छोट्या होडीवाल्याचा कोण काढणार? शिवाय विमा काढला तरी तो बोटीचा. बोट धक्क्याला सुखरूप उभी आहे, मासळी आणलेली नाही, यात विमा काय देणार?

सरकारी मदतीचे आकडेही सांगते. राज्य आपत्ती निधीतून मदत केंद्राच्या निकषांनुसार मिळते. २०१५ ते २०२० च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये होते आणि दुरुस्तीजोग्या होडीला ४,१००. नंतरच्या निकषांत ते १५,००० आणि ६,००० झाले. पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० चे ४,००० झाले. निसर्ग आणि तौक्तेनंतर राज्याने आपल्याकडून वाढवून दिलं, तेही खरं. पण बोट बांधायचा खर्च लाखांत आहे. आमच्या शेजारच्या काकांनी ते पैसे घेतले, त्यात डांबर आणि खिळे आले.

आता फेरीचा खर्च बघा, म्हणजे बुडालेला दिवस काय असतो ते कळेल. मोठी बोट आठ-दहा दिवसांसाठी निघते. डिझेल, बर्फ, पाणी, रेशन, सगळं आधी भरायचं, आणि बहुतेक वेळा दलालाकडून उचल घेऊन. खलाशांना हंगामाच्या सुरुवातीलाच आगाऊ रक्कम दिलेली असते. बोट निघाली, अर्ध्या वाटेत निरोप आला की परत फिरा. डिझेल जळलं, बर्फ गेला, उचल अंगावर राहिली. उचल फिटेपर्यंत मासळी त्याच दलालाला त्याच्या भावाने द्यायची. असं एका हंगामात तीन-चार वेळा झालं की तो नाखवा नावापुरताच मालक उरतो.

दुसऱ्या व्यवसायाबद्दल इथल्या तरुणांनी लिहावं. मी लिहिलं तर ते आईच्या बाजूने होईल.

चिंबोरी९८

मी लिहितो. मी वेसाव्याचाच, वय सत्तावीस. बारावीनंतर वडिलांबरोबर बोटीवर होतो. आता एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे.

मी दर्याला घाबरून सोडलं नाही. २०१९ चा हंगाम गेला, २० मध्ये कोविड आणि निसर्ग, २१ मध्ये तौक्ते. तीन वर्षं वडील रोज रात्री वही काढून बसायचे आणि आकडे जुळायचे नाहीत. लग्नाचं बघायला गेलो तर मुलीकडचे विचारायचे, बोटीवर आहे का, मग नको. मी कामाला लागलो आणि पहिल्याच महिन्यात घरात ठरलेल्या तारखेला पैसे आले. आईने त्या दिवशी काही बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून ती तारखेची वाट बघायला लागली.

बोट आहे अजून. वडील तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, ठेवून चालवतात. खलाशी पालघरचे आणि यूपीचे. इशारा आला की त्यांना वडील थांबवतात, पण दोन-तीनदा असं झालं की ते दुसरी कामं धरतात. मुंबईत काम काय, कुठेही मिळतं.

एक सांगतो. वारा फिरला हे पाण्याचा रंग बघून ओळखायला मला वडिलांनी शिकवलं. मी ते माझ्या मुलाला शिकवू शकणार नाही, कारण गोदामात बसून ते शिकवता येत नाही. चेंबूरकर, व्यवसाय बदलणं नैसर्गिक असेल, पण माझ्या बाबतीत तो मी बदलला नाही, माझ्याकडून सुटला.

उत्तनकर

चिंबोरी, तुझं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

आमचं उत्तन मुंबईच्या वेशीबाहेर, पण कहाणी एकच. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख १ हजार टन मासळी उतरली. ४५ वर्षांतला सर्वांत कमी आकडा. आदल्या वर्षापेक्षा ३२ टक्के घट. वादळांमुळे बुडालेले दिवस हे त्यामागचं एक मोठं कारण. पर्ससीनच्या मोठ्या घेराच्या जाळ्यांनी बेसुमार मासेमारी, एलईडी लाईट लावून मासळी ओढणं, प्रदूषण ही कारणंही आहेतच, ती झाकून सगळं वादळावर ढकलू नये. समुद्रात मासळी भरपूर असती तर चार फेऱ्या बुडाल्याचं एवढं लागलं नसतं.

लेकताई, बुडालेल्या हंगामाला रकाना नाही असं तुम्ही लिहिलंत. पण ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने क्यार आणि महासाठी सुमारे ६५ कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं होतं. त्यात बोट फुटलेली असण्याची अट नव्हती, मासेमारी बुडाली हेच कारण धरलं होतं. मासळी विकणाऱ्या बायकांना शीतपेट्याही होत्या. म्हणजे सरकारला हे नुकसान एकदा दिसलेलं आहे. आपण तोच धागा धरायला हवा.

वेसावची_लेक

उत्तनकर दादा, त्या पॅकेजचे अर्जही मी भरले आहेत, आणि तो मुद्दा तुम्ही आणलात ते फार बरं झालं. फरक एवढाच की ते विशेष होतं. नोव्हेंबर २०१९ चं नुकसान, आणि जाहीर झालं पुढच्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत लोकांनी व्याजाने पैसे घेतलेले. ते नियमात बसलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक वेळी मोर्चा काढून मागायला नको.

केरळने २०२१ मध्ये हवामानाच्या इशाऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांसाठी मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ३,००० रुपये दिले. रक्कम मोठी नाही. पण इशारा सरकारने दिला, आम्ही तो पाळला, त्यामुळे रोजगार बुडाला, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला आहे. शेतकऱ्याला अवकाळीची मदत मिळते. आमचं क्यार आणि महा हे अवकाळीच होतं.

दिवेआगरचा

मुंबईत नोकरीला असतो, गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. निसर्ग आमच्या डोक्यावरून गेलं म्हणून लिहितो.

मासेमारीइतकंच आमच्याकडे नारळ-सुपारीच्या वाड्यांवर पोट. ३ जूनला दुपारी दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेली वाडी आडवी झाली. वीज यायला काही गावांत महिन्याच्या वर लागलं. आधी हेक्टरी मदतीचा हिशेब होता, पण आमच्या वाड्या गुंठ्यांतल्या, हेक्टरात कुठे बसायच्या? नंतर झाडामागे मदत ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. सुपारी लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, नारळाला तितकीच किंवा जास्त. म्हणजे २०२० मध्ये पडलेल्या वाडीचं उत्पन्न आत्ता कुठे सुरू होतंय. मध्ये तौक्तेने नवीन रोपं वाकवली. आमच्या आळीत बरेच जण वाडी परत लावण्याऐवजी खोल्या बांधून पर्यटक ठेवायला लागले. गाव दिसतं तसंच, पण संध्याकाळी पाटाचं पाणी सोडायला माणूस दिसत नाही.

मुंबईचे आमचे कोळी नातेवाईक तेव्हा तांदूळ आणि ताडपत्री घेऊन आले होते. पुढच्या वर्षी तौक्तेला त्यांची होडी गेली तेव्हा आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांवर लागोपाठ येतं तेव्हा एकमेकांना उचलायची ताकदसुद्धा संपते. हे मला सर्वांत जास्त लागलं.

वरळीकर_क्लीव्हलँड

दिवेआगरच्या दादांशी सहमत.

आमचा मुद्दा वेगळा आहे, जागेचा. इशारा आला की बोट लवकर आत आली पाहिजे. वरळीला क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडायची वाट खडकांमधून आहे. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब त्याच वाटेवर येत होते. खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं, आम्ही २०० मागत होतो. मोठं आंदोलन झाल्यावर १२० मीटरवर तडजोड झाली. शांत समुद्रात ६० मीटरही खूप वाटतील. वाऱ्याने बोट आडवी फेकली जात असताना एकदा त्यातून येऊन बघावं.

वेसाव्यात गाळाची तीच गत ना? ओहोटीला खाडीच्या तोंडाशी बोट रुतते असं ऐकतो.

चिंबोरी९८

हो. भरती येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. वादळाच्या दिवशी तोच सर्वांत धोक्याचा वेळ. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे वादळ भरतीच्या वेळी आलं की ओहोटीच्या, यावर पाणी घरात शिरणार की नाही ते ठरतं. गाळ काढा ही मागणी माझ्या लहानपणापासून ऐकतो आहे.

चेंबूरकर

मी विचारलेल्या प्रश्नाची इतकी उत्तरं मिळाली, धन्यवाद. चिंबोरी, तुमचं शेवटचं वाक्य मी घरी वाचून दाखवलं. आमच्यासारख्या बाहेरच्यांनी काय करावं?

आगोट

मासळी आमच्या बायकांकडून घ्या, आणि वादळानंतरच्या आठवड्यात मुद्दाम या. तेव्हा गिऱ्हाईक नसतं. लोकांना वाटतं मासळी शिळी असेल. आणि सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून आमच्या वाळवणाच्या जागेबद्दल तक्रारी करणाऱ्या नवीन इमारतींमध्ये तुमचे ओळखीचे कोणी राहत असतील तर त्यांच्याशी बोला. वादळाने गेलेली वलांडी आम्ही पुन्हा उभी करतो. तक्रारीने गेलेली जागा परत मिळत नाही.

वेसावची_लेक

सगळं वाचून एक काम ठरवलं आहे, सूचना हव्यात. येत्या हंगामापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बोटीची एक वही ठेवायची. इशारा कधी आला, कधी उठला, बोट कुठून परत फिरली, डिझेल किती जळलं, बर्फ किती गेला, खलाशी किती दिवस बसले. आगोटताईंसारख्या बायकांची वेगळी वही: वलांडीवर किती माल होता, किती भिजला, कोणत्या भावाने गेला. हंगामाच्या शेवटी ते एकत्र करून मच्छीमार सोसायटीच्या सभेत मांडायचं आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे द्यायचं. मला रकाने आखता येतात. काय काय घालू?

माहीमचा_तांडेल

तारखेबरोबर बावटा कितव्या नंबरचा होता ते लिहा. तीन नंबरला काही बोटी जवळपास जाऊन येतात, त्याच्या वर कोणी जात नाही. तो फरक दिसला नाही तर उद्या कोणी म्हणेल की हे घरी बसून पैसे मागतात. आणि भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस वेगळे दाखवा. डोलीच्या जाळ्यांना उधाणातच मासळी लागते, भांगात तसंही कमी. उधाणाचा दिवस बुडाला तर तो मोठा दिवस बुडाला.

उत्तनकर

बर्फाच्या आणि डिझेलच्या पावत्या फोटो काढून ठेवा, ओल्या हाताने अक्षरं जातात. फोटोवर तारीख येईल अशी सोय करा. आमच्याकडच्या तीन-चार नाखवांना मी आजच विचारतो. रकाने तयार झाले की इथेच टाका, आम्ही उत्तनलाही तेच वापरू, म्हणजे सगळ्यांचे आकडे एका मापात येतील.

आगोट

आमच्या वहीत होडी नंबरच्या जागी वलांडीचा नंबर घाला. मी उद्यापासून नंबर रंगवायला सांगते.